‘इतर प्रणालींसाठी’

मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी आठवणी मेघसाठ्यात ठेवायच्या आणि टाके निघाले की परत आणायच्या, हे आता चष्मा काढून ठेवण्याइतकं साधं झालं होतं. मेघसाठा म्हणजे दूर कुठंतरी अखंड चालणारी यंत्रं. आठवण इथून उचलून तिथं जाई. मागं प्रत राहत नसे.

त्याची मार्गदर्शक पुस्तिका डॉ. इरावती फणसळकरांनी लिहिलेली. आज त्यांच्यासमोर दाजीबुवा आठल्ये बसले होते. जन्मांध कीर्तनकार; दोनशे आख्यानं मुखोद्गत, आणि मेंदूत गाठ.

“बुवा, आधी एकच आठवण ठेवून परत आणू. आवडती सांगा.”

“आईची. ताक घुसळता घुसळता तिनं मला पहिलं पद शिकवलं. तिची तेवढीच आहे हो; मी सहा वर्षांचा असताना गेली.” बुवांनी त्या पदाची ओळ गुणगुणली.

“आजवर एकही हरवली नाही, बुवा. आता तिचं चित्र डोळ्यांसमोर आणा.”

बुवा खळखळून हसले. “डॉक्टरीणबाई, या दुकानात तो माल कधी आलाच नाही!”

इरावती चपापल्या. प्रत्येक मनाची आपली कार्यप्रणाली असते. बहुतेकांची आठवण चित्रानं उघडते, म्हणून सगळी पुस्तिका चित्रवाल्यांसाठी. बाकीच्यांना तळटीप, ती त्यांनी वाचून दाखवली: ‘इतर प्रणालींसाठी याचप्रमाणे करावे.’

“याचप्रमाणे म्हणजे कसं?” बुवांनी विचारलं.

“चित्र नसेल तर यंत्रच बनवतं.”

“बनवू द्या की!”

तासाभरानं आठवण परत आली. बुवांचा चेहरा उजळला. “अहो, दिसली! आई दिसली! रंग म्हणतात तो हाच का?” मग त्यांनी कान टवकारले. “पण ही बोलत का नाही?”

यंत्रानं चित्र ठेवलं होतं. सूर जास्तीचा समजून टाकून दिला होता.

इरावतींना मान वर करवेना. बुवांनी चाचपडत त्यांचा हात धरला. “मागच्या रांगेतल्याला कळलं नाही, तर मी आख्यान पहिल्यापासून सांगतो. तुम्हीही पहिल्यापासून लिहा. मन ऐकतं कसं, ते मी सांगतो.”

ज्यानं गमावलं, तोच धीर देत होता! दोन दिवस बुवा सांगत होते, इरावती लिहीत होत्या. एकेचाळीस पानं झाली. त्या पानांबरहुकूम दोनशे आख्यानं वर गेली, आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मात्रा न चुकता परत आली. पुढं त्याच पानांवर हजारो माणसं सुखरूप घरी गेली.

बुवांच्या पहिल्या कीर्तनाला इरावती पुढंच बसल्या होत्या. बुवांनी त्या दिवशी गुणगुणलेलं ते साधंसं पद असं आळवलं की सभामंडप डोलू लागला.

नंतर त्या पाया पडायला वाकल्या, तेव्हा बुवांनी हळूच विचारलं, “हे पद मला कुणी शिकवलं, काही ठाऊक आहे तुम्हाला?”

“तुमच्या आईनं, बुवा.”

बुवा कौतुकानं म्हणाले,

“अस्सं? आईला गाता येत होतं?”