खाणीच्या भंगारातला माणूस

राजूरला नव्यानं राहायला आलेल्या संघदीपनं भंगारातून माणसं घडवायला घेतली, तेव्हा लोक हसले होते. पण सायकलच्या चेनीच्या शिरा आणि टायरची कातडी लावलेल्या त्याच्या पोस्टमनवर गल्लीतलं कुत्रं भुंकलं, आणि हसणं थांबलं. यंदा त्याला चौकासाठी खाणकामगार करायचा होता. बंद पडलेल्या एका खाणीतला कोळसा वाहायचा पट्टा भंगारात निघाला. त्याच्याच काळ्या रबरातून त्यानं चेहरा कापला. कुणाचा, ते मनात नव्हतं. हात आपसूक चालत गेले.

दुपारी शेजारची शीला काही मागायला आली आणि शेडच्या दारातच थबकली.

"हा... तुले कुठं दिसला?"

"कोन?"

"मारोती. माहा भाऊ."

मारोती त्याच खाणीत कामाला होता. एका पाळीनंतर घरी आलाच नाही. हैदराबादेकडे पळाला, असं सगळे म्हणाले. त्याची आई सत्यभामा मात्र रोज शीलाला त्याच्या वाटणीची भाकर झाकून ठेवायला लावी. संघदीपनं तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

शीला आईला घेऊन आली. म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं बोटांनी कपाळ चाचपलं, नाक, मग हनुवटीवरची खोक. संघदीपला ती रबरातली चीर वाटली होती.

"बैलबंडीवरून पडलता लहानपनी," शीला पुटपुटली.

"इतका थंडा काहून रे, बापा?" म्हणत म्हातारीनं पुतळ्याच्या छातीला कान लावला. आत नुसती रद्दी कोंबलेली. बाहेर पत्रे तापले होते, तरी शेडमध्ये ओल्या कोळशाचा गार वास दाटत गेला. कुणी सांगावं आणि आपण ऐकावं, तशी ती मान हलवत राहिली.

"माय... काय म्हनते तो?"

"पळाला नव्हता तो. खालीच हाय." सत्यभामा सरळ झाली. "उद्यापासून भाकर ठेवू नको."

लेकीचा हात धरून ती निघाली. उंबऱ्यात थांबली.

"पोरा, मारोती म्हनते, खाली संगं असलेल्या दुसऱ्याचाबी चेहरा लवकर कर. तो लय रडून राह्यला..."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली तारांचा दुसरा सांगाडा होता. संघदीपनं तो त्याच सकाळी बांधायला घेतला होता. कुणाला सांगितलं नव्हतं.

दोघी गेल्यावर त्यानं ताडपत्री उचलली. सांगाड्याला अजून डोकंच नव्हतं. तरी मानेखालच्या तारा ओल्या होत्या, आणि त्यांवरून काळं, कोमट पाणी थेंब थेंब गळत होतं.