राउटरची तक्रार

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी निता वर्गात टेबलावर चढून लोखंडी कपाटावर राउटर ठेवत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला, "तिथं नका ठेवू. लोखंड सिग्नल अडवतं."

आवाज जगनचा. कनेरगाव नाका गावचा हा पोरगा हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि आज कॉलेजच्या ऑफिसातला प्रिंटर बघायला आला होता. प्रिंटर राहिला बाजूला! तासभर तो निताशेजारी बसून पोरांच्या हॅकिंग स्पर्धेचं वायफाय जोडत राहिला. बाहेरचं इंटरनेट बंद, फक्त तीस लॅपटॉप एकमेकांना जोडलेले... म्हणजे पोरांनी कितीही घुसखोरी केली तरी ती वर्गाबाहेर जाणार नाही. सांगता सांगता तो हसायचा, आणि निताचं लक्ष राउटर सोडून भलतीकडंच.

तो गेला आणि वर्ग खायला उठला. दोन दिवस तिनं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी स्वतःच एक सेटिंग बिघडवलं आणि फोन लावला, "वायफाय बंद पडलं हो..."

तो आला, नीट करून गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वेड लागलं होतं पोरीला, दुसरं काय! मोटारसायकल वाजली की खिडकीशी धावायची, आणि तो समोर बसला की तोंडाला कुलूप.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो तिसऱ्यांदा दुरुस्तीला आला. लॅपटॉपवर राउटरची सेटिंग उघडता उघडता म्हणाला, "उद्या हैदराबादला चाललो. नोकरी लागली."

आज बोलले नाही तर संपलंच, हे निताला कळत होतं. पण ती नुसती टेबल पुसत राहिली...

जगननं स्क्रीन तिच्याकडं वळवली. कुठल्या लॅपटॉपवरून कधी काय बदललं, याची नोंद राउटर ठेवतो. तिन्ही वेळा एकच नाव होतं – निता. हॅकिंगची स्पर्धा भरवणारी बाई, आणि स्वतःची नोंद पुसायचीच विसरली!

"काहून केलं?"

"तुमी यावं म्हणून," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमाला तकलीफ दिली... पण दुसरं काही सुचलंच न्हाई. तुमी आवडता मला."

"पहिल्याच खेपेला पाहिलं होतं मी हे."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"बोललो असतो, तर तुमी परत बिघडवलं असतं का?"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. "आता हैदराबादहून कसे येनार?"

जगन उगाच केबल गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "रविवारी आमच्या काकाला मागणी घालायला तुमच्या घरी पाठवू का?"

"पाठवा," निता म्हणाली. "बाबांना मी आजच सांगते."