घरच्या तारेवरून

आवाजावर विश्वास ठेवणं लोकांनी सोडलं, आणि अडगळीत गेलेला फॅक्स परत घरोघरी आला. चार वाक्यं ऐकवली की यंत्र कुणाच्याही आवाजात हुबेहूब बोले. या नकलेला 'स्वरछाया' म्हणत. फोनवर बाप बोलतोय की बापाची स्वरछाया, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

मिरजेला शैलेश चौगुल्यांच्या घरी टेलिफोन खात्याच्या इंजिनियर तहसीन मुजावर भिंतीतल्या जुन्या सॉकेटला फॅक्स जोडत होत्या.

"एवढ्याशा तारेचा भरवसा कसा धरायचा, मॅडम?"

"काका, तांब्याची प्रत्येक तार वेगळी. कुठं सांधा, कुठं गंज. कागद पाठवताना आमचं एक्स्चेंज तारेत दरवेळी निराळे सूर सोडतं. ती आपल्याच ढंगानं खरखरते, आणि त्या खरखरीची पट्टी कागदाच्या कडेला छापली जाते. हा तारठसा. त्याची नक्कल कुणाला जमलेली नाही. कुणाला पाठवायचंय?"

"लेकीला, ओस्लोला. तिची आई गेलीय, ते कळवायचंय."

मुजावरबाईंचा हात थांबला. "कधी?"

"श्रावणात."

बायको, मंजिरी, गेली तेव्हा लेकीला, सानिकाला, सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी जिवाला जपायला सांगितलं होतं. शैलेशरावांनी मन घट्ट करून मंजिरीची स्वरछाया करून घेतली. तेव्हापासून दर रविवारी गेलेली आई लेकीशी गप्पा मारी आणि ते शेजारी बसून ऐकत. आता नातू पालथा पडू लागला होता. त्यांना लेकीबरोबर एकदा पोटभर रडायचं होतं, बाकी काही नको होतं. पण फोनवर सांगितलं तर तिला ती कुणाची तरी दुष्ट थट्टाच वाटली असती.

त्यांनी कागद लिहिला. 'सानू, आई श्रावणात गेली. तुझ्या काळजीपोटी लपवलं. माफ कर. आता आपण दोघं बोलू.' यंत्रानं तो आत ओढून घेतला.

मुजावरबाई हत्यारं आवरत होत्या, तेवढ्यात उत्तर आलं. अक्षर सानिकाचं.

'बाबा, मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आईनं माझं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. ही घेते. रविवारचा फोन बंद करू नका. आणि मध्ये तुम्ही बोलू नका, प्लीज.'

शैलेशरावांनी दोनदा वाचलं. मग कागद मुजावरबाईंपुढे धरला.

"मॅडम, हे खोटं असेल ना? कुणीतरी केलं असेल."

बाईंनी कडेची पट्टी यंत्रातल्या सानिकाच्या तारेच्या नोंदीशी ताडून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"नाही, काका. तार तिच्याच घरची आहे."