गास्पारेचं स्टेशन चुकलं

आईची पिशवी वरच्या फळीवरून घसरली, ती थेट समोरच्या तरुणाच्या मांडीवर. सालेर्नो सोडून गाडीला दहा मिनिटंही झाली नव्हती.

"अगं बाई! लागलं का रे बाळा?" आईने विचारलं.

"मी ठीक आहे," तो म्हणाला आणि पिशवीचा वास घेतला. "आत काय आहे ते मात्र तपासायला हवं."

आत आईने सकाळी केलेलं मॅकरोनीचं जाडजूड आम्लेट होतं. तपासता तपासता त्याने दोन तुकडे संपवले. नाव गास्पारे. मित्राचं लग्न आटोपून घरी निघालेला, व्हिला सान जोव्हान्नीला उतरणारा. बाबांच्या हातात उकडलेल्या झुकिनीचा डबा होता, आणि ते गास्पारेच्या प्रत्येक घासाकडे बघत होते.

फेब्रुवारीत बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आमच्या घरात मीठही चिमटीने आणि बोलणंही दबक्या आवाजात. पुस्तकांच्या दुकानातली नोकरी सोडून मी घरीच बसले होते. बाबा खोकले की मी धावायचे, नाही खोकले तरी धावायचे. आज चार महिन्यांनी ते पहिल्यांदा गावाबाहेर पडले होते, मेसीनाला, आत्याकडे.

"तुम्ही काय करता?" मी गास्पारेला विचारलं.

"मासेमारी. म्हणजे मासे बाकीचे धरतात. मी डोलकाठीच्या टोकावर बसून तलवार मासा कुठे दिसतोय ते ओरडून सांगतो."

"दिवसभर नुसतं बघायचं?"

"बघायचंच. पण लांबचं." गाडी बोगद्यात शिरली. अंधारातून त्याचा आवाज आला, "इतक्या जवळचं बघायची सवय नाही... म्हणून जरा गोंधळ होतोय."

बोगदा संपला. बाहेर समुद्र लखलखला, आणि मी घाईघाईने डबे आवरायला घेतले. खरं तर आवरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कालाब्रियाच्या किनाऱ्यावर बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र असंच चालतं. दर बोगद्यानंतर तो माझ्याकडेच बघत असायचा. मला कसं कळलं? मी तरी कुठे दुसरीकडे बघत होते!

व्हिला सान जोव्हान्नीला जमीन संपते; पलीकडे मेसीनाला जायला गाडीच बोटीत चढवतात. गाडीचे डबे सुटे झाले आणि आमचा डबा खडखडत बोटीच्या पोटात शिरला. गास्पारे समोरच.

"अहो, तुमचं स्टेशन गेलं!"

"गेलं?" त्याने खिडकीतून बोटीच्या लोखंडी भिंतीकडे पाहिलं. "अरे... खरंच की."

"एवढी लांबची नजर, आणि स्वतःचं गाव दिसलं नाही?"

"मध्ये कोणीतरी बसलं होतं."

माझे कान तापले.

सगळे जिना चढून वर गेले. बोटीवर गरम अरांचीनो खाल्ल्याशिवाय सामुद्रधुनी ओलांडली असं आमच्यात कोणी मानत नाही. गास्पारेने दोन तळलेले गोळे आणले. बाहेरून कुरकुरीत, आत केशरी भात आणि वितळलेलं चीज. चीजची तार तुटता तुटेना.

"हनुवटीवर..." तो म्हणाला.

"कुठे?"

"सांगू, की—"

"अगाता!" आईची हाक आली. "बाबा कुठे आहेत?"

"तुझ्याबरोबर होते ना?"

"मला वाटलं, तुझ्याबरोबर आहेत!"

बाबांचा फोन बंद. खाली डब्यात नाहीत, उपाहारगृहात नाहीत, स्वच्छतागृहात नाहीत. प्रवाशांनी डब्यात परतावं, अशी सूचना सुरू झाली. आई जिन्यातच मटकन बसली. पाच मिनिटं... फक्त पाच मिनिटं मी त्यांच्यावरची नजर काढली होती!

"शर्ट कुठला?" गास्पारेने विचारलं.

"पिवळा. गास्पारे, त्यांना काही झालं असेल तर—"

"आधी शोधू."

तो दोन दोन पायऱ्या चढत सगळ्यात वरच्या डेकवर गेला. मी मागोमाग. त्याने माझ्यासारखी धावाधाव केली नाही. कठड्याला टेकून, डोळे बारीक करून, सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेला.

"तिकडे! मागच्या टोकाला, छोट्या होडीच्या आड!"

आवाज असा खणखणीत, की अर्ध्या बोटीने वळून पाहिलं. मी धावत सुटले.

बाबा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. हातात अरांचीनो, मिशीत भाताची शितं.

"बाबा!"

"ओरडू नकोस. मेलो नाहीये, जेवतोय."

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागले. शर्टाला तळणाचा वास होता. त्याच्या आत ठोके पडत होते, शांत आणि नीट.

"डॉक्टरांनी कधीमधी एखादा खायला परवानगी दिलीय," ते म्हणाले. "तुम्ही दोघीच देत नाही. पोरी, मी बरा झालोय गं. आता तूही बरी हो."

मेसीनाला उतरल्यावर आई गास्पारेला सोडायला तयार नव्हती. कॉफीच्या बर्फाळ चुऱ्याची गारेगार ग्रानिता, वर मलईचा डोंगर, त्यात ब्रिओशचा गोड पाव बुडवून खा, अजून खा, असा आग्रह. शेवटी बाबाच म्हणाले, "पाचची बोट आहे त्याची. अगाता, सोडून ये त्याला."

"पण तुमच्या गोळ्या—"

"मला हात आहेत."

धक्क्यावर वारा सुटला होता. बोटीचा भोंगा वाजला, तरी गास्पारे हलेना.

"ऐका ना... ऐक ना. मला तू आवडलीस. जमिनीवर उभं राहून सांगायला फार अवघड जातंय."

"डोलकाठीवरून सोपं गेलं असतं?"

"वरून ओरडलो असतो."

"नको बाई! इथे आत्याला सगळे ओळखतात." मी एक पाऊल पुढे झाले आणि आवाज खाली आणला. "मलाही तू आवडलास. आणि मी... पुढच्या आठवड्यापर्यंत इथेच आहे."

"रविवारी आमची सुट्टी असते. पहिल्या बोटीने येतो!"

तो धावतच बोटीवर चढला. बोट लहान होईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग बंदर ओलांडलं, आत्याच्या गल्लीत वळले, जिना चढले आणि दाराला हात लावला, तेव्हा कुठे ध्यानात आलं... तासाभरात बाबांची काळजी एकदाही मनाला शिवली नव्हती.

आतून त्यांचं मोठ्याने हसणं ऐकू येत होतं. मी दार ढकलायच्या आधी जराशी थांबले. तोंडावरचं हसू काही केल्या आवरेना. मग म्हटलं, राहू दे... आणि तशीच आत गेले.