पिशवीखालचा पेपर

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आणि आधीच सांगते... यात अमावस्या नाही, पडकं घर नाही, रात्रसुद्धा नाही. घडलं ते सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी. एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

घडलं माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या बाबतीत. घरात आम्ही त्याला शास्त्रज्ञ म्हणतो. कौतुकाने नाही. पांढरा कोट घालून दिवसभर फोन उचलायचा आणि तक्त्यात टिकमार्क करायची, एवढंच त्याचं शास्त्र.

मी स्वतः चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. त्यामुळे तो अभ्यास काय होता, ते मीच सांगते.

किडन्या निकामी झालेल्या काही लोकांच्या पोटात एक मऊ नळी बसवतात. घरच्या घरी त्या नळीतून पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी ते पिशवीत काढून घ्यायचं. पाणी स्वच्छ आलं तर ठीक. गढूळ आलं तर पोटाच्या आतल्या पडद्याला जंतू लागले. त्याला पेरिटोनायटिस म्हणतात. त्याच दिवशी औषध सुरू केलं तर माणूस बहुतेक वाचतो. दोन दिवस घालवले तर देवाची मर्जी.

तर त्या नळीच्या तोंडाला लावायचं एक नवीन झाकण आलं होतं. निम्म्या रुग्णांना जुनं, निम्म्यांना नवीन. कोणाला जंतू कमी लागतात ते तीन वर्षं बघायचं.

पाणी गढूळ आहे का, हे ओळखायची साधी रीत आहे. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर धरायची. पाण्यातून अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ.

या लोकांनी त्यात आपली अक्कल घातली. रुग्ण नुसतं "स्वच्छ" सांगून मोकळे होतात, म्हणून प्रत्येक रुग्णाने रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि त्या दिवशीच्या पेपरातली पहिल्या पानावरची एक ओळ पिशवीतून वाचून दाखवायची. शास्त्रज्ञ समोर तोच पेपर घेऊन बसणार. ओळ जुळली की टिकमार्क.

बरी होती ही कल्पना. कल्पना बऱ्याच असतात, माणसं माती खातात.

एक शिंपीणबाई होत्या. सहासष्ट वर्षांच्या, नवीन झाकणवाल्या. त्यांची वेळ आठ चाळीसची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

तेरा तारखेला त्यांचा फोन आला.

"आज दिसत नाही रे, बाळा."

शास्त्रज्ञाचा चहा निवत होता. अजून पंचवीस फोन बाकी होते.

"आजी, चष्मा लावा की."

"मला चष्मा लागत नाही. सुईत दोरा मी अजून स्वतः ओवते."

"बरं बरं. पोट दुखतंय?"

"थोडं."

"उद्या बघू."

आणि या गाढवाने तक्त्यात लिहिलं... "स्वच्छ".

चौदा तारखेला फोन आला नाही. पंधराला नाही. सोळाला त्यांच्या मुलीचा आला. आईचं पोट फुगलं, ताप चढला, पहाटे गेली.

आता मोठे डॉक्टर. या अभ्यासाचे प्रमुख. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे, आणि भिंतीवर मावणार नाहीत इतकी सन्मानपत्रं. चौतीस वर्षांत असले पुष्कळ पाहिले मी. पेशंटच्या पोटाला हात लावायला यांना वेळ नसतो, फोटोला असतो.

त्यांनी शास्त्रज्ञाला खोलीत बोलावलं.

"बाईंनी अभ्यास कधी सोडला?"

"सोडला नव्हता, सर."

"सोडला. बारा तारखेला, स्वेच्छेने. त्यानंतर जे झालं ते आपल्याकडे मोजायचं नाही. एका बाईपायी तीन वर्षांचं काम पाण्यात घालतोस की काय?"

शास्त्रज्ञाने "स्वेच्छेने बाहेर" या रकान्यात त्यांचा क्रमांक लिहिला. बारा तारीख टाकली. सही केली. नवीन झाकण जिंकत होतं, ते जिंकत राहिलं. दोघंही करून सवरून नामानिराळे.

नऊ दिवस काही झालं नाही.

दहाव्या दिवशी आठ चाळीसला फोन वाजला.

ती वेळ अजून कोणालाच दिली नव्हती. त्याने सवयीने उचलला.

पलीकडे कोणी बोलत नव्हतं. फक्त पाणी... नळीतून पिशवीत उतरणारं, बारीक धारेचं. ते बराच वेळ चाललं. मग थांबलं.

मग कागद सरकल्याचा आवाज.

आणि मग...

"दिसत नाही."

बस्स. फोन बंद.

त्याने आलेल्या फोनांची यादी पाहिली. आठ अडतीसचा होता. आठ त्रेचाळीसचा होता. मधे काहीच नाही.

त्याला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी, कागद, "दिसत नाही". आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. रोजचा अहवाल द्यावा तसा आवाज.

तिसऱ्या दिवशी त्याने फोनची वायरच काढली. आठ चाळीस झाले. फोन वाजला नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि समोरचा पेपर ओढला...

अक्षरं दिसेनात.

कागद होता, रकाने होते, फोटोची चौकट होती. पण सगळ्यावर दुधाळ पाण्याचा थर. त्याने डोळे चोळले. भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ दिसत होतं. हाताच्या रेषा दिसत होत्या. फक्त पेपर दिसत नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या लॅबवाल्या ताईंना त्याने पेपर दाखवला. त्यांनी घडाघडा वाचला आणि म्हणाल्या, "रात्री झोपत जा जरा."

पाच मिनिटांनी अक्षरं परत आली.

हे तीन आठवडे चाललं. शेवटी तो मोठ्या डॉक्टरांकडे गेला. ते हसले. म्हणाले, "डोळे तपासून घे." पुढच्या महिन्यात त्यांना परिषदेत निकाल वाचायचा होता. त्यानंतर तेच झाकण सगळ्या रुग्णांना लागणार होतं. शेकडो पोटं. त्याची त्यांना घाई होती, भुताला कुठून वेळ असणार?

मग स्वारी माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

"मावशी, मला कोणीतरी झपाटलंय."

"झपाटायला तुझ्यात आहे काय? तू काय केलंस ते आधी सांग."

सगळं सांगितलं. पोटदुखीचं शेवटी सांगितलं, तेही मान खाली घालून.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला. गढूळ पाणी आणि दुखणारं पोट, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. आणि हा बाईला चष्मा लावायला सांगतो. माझ्या हाताखाली असता तर कोट उतरवून घेतला असता.

"जा आणि खरं लिही," मी म्हटलं.

"नोकरी जाईल, मावशी."

"जाऊ दे. त्या बाईंचं काय गेलं ते आठव."

त्याने लिहिलं. अशा अभ्यासांवर नजर ठेवणारी बाहेरच्या लोकांची एक समिती असते, तिला तेरा तारखेचं संभाषण शब्दन् शब्द लिहून पाठवलं. खाली सही केली. एवढं मात्र त्याने नीट केलं.

दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला फोन वाजला नाही. पेपर दिसला. तिसऱ्या दिवशीही दिसला. शास्त्रज्ञ मला म्हणाला, "संपलं, मावशी." मला मात्र ते तसं वाटेना.

समितीने अभ्यास थांबवला. परिषद बारगळली. मोठे डॉक्टर म्हणाले, पोराची चूक, मला काही माहीत नव्हतं. अजून तसंच म्हणतात. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि तेही डोळे मिटूनच बसलेत.

मग समितीने हुकूम काढला. "स्वेच्छेने बाहेर" या रकान्यातल्या प्रत्येकाच्या घरी फोन करा.

रकान्यात अकरा जण होते. शिंपीणबाई शेवटच्या. आधीचे दहा, सगळे नवीन झाकणवाले, डॉक्टरांनी स्वतः लिहिलेले.

पहिला फोन. माणूस दीड वर्षापूर्वी गेला होता. पोट फुगून.

दुसरा. तिथली बाईही गेली होती.

तिसरा एका निवृत्त ड्रायव्हरने उचलला. आवाज खणखणीत.

"काका, तुम्ही अभ्यास का सोडलात?" शास्त्रज्ञाने विचारलं.

"मी कुठे सोडला? दोनदा पाणी गढूळ आलं, तर तुमचे डॉक्टर म्हणाले आता फोन करू नका. वर्षभर कोणी कुत्रं विचारायला आलं नाही."

शास्त्रज्ञाने ते शब्द तसेच उतरवून घेतले. काका पुढे बोलतच होते.

"आता मात्र तुमच्या बाई विचारतात हो. रोज सकाळी. एक दिवस चुकत नाहीत."

"कुठल्या बाई?"

"नाव नाही सांगत. वयस्कर आहेत. मागे शिवणयंत्र चालू असतं त्यांच्या. पिशवी पेपरावर धरा म्हणतात, ओळ वाचून घेतात..."

शास्त्रज्ञाने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. लॅबवाल्या ताई जेवायला गेल्या होत्या. खोलीत कोणी नव्हतं.

"कधीपासून?"

"झाला की दीड महिना. मागच्या आठवड्यात पाणी पुन्हा गढूळ आलं. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसात कळवतो. तर बाई म्हणाल्या, त्या पोराला विचारत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा. गेलो, म्हणून आज बोलतोय तुमच्याशी. त्यांना सांगा हो, मी बरा आहे म्हणून."

शास्त्रज्ञाने उरलेल्या सातांना फोन केले. दोन घरी कोणी फोन उचललाच नाही. पाच जण जिवंत होते. पाचही जणांना रोज सकाळी बाईंचा फोन येत होता... एकाच वेळी.

आठ चाळीसला.

मी चौतीस वर्षांत पुष्कळ मरणं पाहिली. मेलेलं माणूस कामावर रुजू झालेलं ऐकलं नव्हतं. हल्ली सकाळी साडेआठनंतर माझं लक्ष कशात लागत नाही. घड्याळाकडे बघत बसते.

परवा शास्त्रज्ञ आला होता. नोकरी गेली, तरी त्या वेळी फोन हातात घेऊन बसतो म्हणे. जाताना दारात थांबला.

"मावशी, त्या सगळ्यांना फोन करतात. मग मला का नाही करत आता?"

मी चपला सरळ करायला वाकले. उत्तर मला ठाऊक आहे, ड्रायव्हरकाकांना बाईंनी ते कधीच सांगितलंय. पण बहिणीचा मुलगा आहे. तोंडावर कसं सांगू?