कोऱ्या फितीतला वाजवणारा

त्या संध्याकाळी गौतमराव रोजच्यासारखे वही घेऊन रात्रीच्या कॅसेटी निवडत बसले होते. रोहिणीबाईंना पक्षाघात होऊन अकरा महिने झाले होते. डावं अंग गेलं, वाचा गेली, आणि झोपही गेली. गाण्यात शब्द आले की त्या रडत, कारण त्यांना उत्तर देता येत नसे. सतार, बासरी ओळखीची, म्हणून त्याहून वाईट. अखेर एका रात्री कुठल्याशा परदेशी जॅझच्या नुसत्या पियानोवर त्यांना झोप लागली आणि गौतमरावांना धरायला एक काठी मिळाली.

तेव्हापासून त्यांचे नियम ठरले. गाणारा नको. ट्रम्पेट नको, दचकवतं. ड्रम असला तर कुंचल्याने घासलेला. प्रत्येक कॅसेट दिवसा ऐकायची, वहीत शेरा लिहायचा, मगच रात्री लावायची. माणूस ध्वनिशास्त्राचा डॉक्टर, मोखाड्याच्या खेड्यातून शिकून मुंबईत तीस वर्षं शिकवलेला, आता गावाकडे परतलेला. पण एक कॅसेट निवडताना चारदा खोडायचा.

जव्हारच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लतीफने त्या दिवशी एक बिननावाची कॅसेट दिली होती. सॅक्सोफोन आहे, एकदम ठंडा, असं तो म्हणाला. गौतमरावांनी दहा मिनिटं ऐकली. खालच्या सुरातला, धुक्यासारखा पसरणारा आवाज. त्यांनी वहीत ‘चालेल’ असं लिहिलं आणि पुढचं ऐकलं नाही. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधू नका, हे विद्यार्थ्यांना जन्मभर सांगितलेलं त्यांना नंतर फार लागलं.

भादव्याची रात्र. वीज गेलेली, म्हणून टेपमध्ये सेल घातले. बाहेर भाताच्या ओंब्यांचा ओला, दुधट वास. रोहिणीबाईंची देखभाल करणारी वांगणीची बुधी पलंगाशी चटई टाकून पडली होती.

सॅक्सोफोन सुरू झाला. रोहिणीबाईंचे डोळे मिटले. दहा मिनिटांनी मागची वाद्यं एकेक करून गळाली आणि एकटा फुंकीचा सूर उरला. गौतमराव सवयीने वाजवणाऱ्याच्या श्वासाची वाट पाहू लागले. श्वास येईना. सूर तुटतच नव्हता. एवढा अखंड सूर त्यांनी लहानपणी ऐकला होता, पण कुठे, ते आठवेना.

मग पांघरूण हललं. डावा पाय. अकरा महिने लाकडासारखा पडलेला पाय हलकेच ताल धरत होता. गौतमरावांनी कंदील जवळ धरला, आणि तेव्हाच अंगणातून चिखलात पडणारी पावलं ऐकू आली. एकाची नव्हेत. सगळी एका तालात. पायाच्याच तालात...

बुधी उठून बसली होती. ती लहानथोर सगळ्यांशी एकेरीच बोले.

“तारपा कोण वाजवतंय, बाबा?”

“कॅसेट आहे ती.”

“नवं भात घरात आलं नाय अजून. या दिसांत तारपा टांगून ठेवायचा असतो. आता वाजवला तर जिते नाय येत नाचायला...”

गौतमरावांना सगळं आठवलं. आज्याच्या झोपडीतला, चुलीच्या धुरात टांगलेला तारपा, वाळल्या भोपळ्याचं, श्वास न तोडता फुंकायचं वाद्य. त्याला पोरांनी हातसुद्धा लावायचा नसे. त्यांचा हात टेपकडे गेला. बुधीने मनगट धरलं.

“आता नको. बाय नाचात हाय. वाजवणारा मधीच थांबला, तर नाचातलं माणूस तिथंच राहतं.”

ते थांबले असते. पण आपण शिकलेले, आपण असलं मानायचं? आणि मानलं नाही तर? या घोळात बोटानेच निर्णय घेतला. खट्.

पाय थांबला. बाहेरची पावलं थांबली. बऱ्याच वेळाने ती एकामागोमाग एक, सावकाश लांब गेली. त्यातलं एक डावं पाऊल घासत होतं.

सकाळी अंगणात पावलांचं रिंगण उमटलेलं होतं. मधोमध चिखलात चार बारीक गोल खळगे. टेपच्या खालच्या रबरी पायांएवढे. आत टेबलावरचा टेप गौतमरावांनी उचलून पाहिला. रबरी पाय चिखलाने भरले होते.

रोहिणीबाई पलंगावर होत्या. श्वास चालू होता. डोळे उघडे, पण ते नवऱ्याला ओळखत नव्हते. लतीफला विचारलं, तर तो म्हणाला, “मीच भरली होती, सर. दहाच मिनिटं. पुढे फीत कोरी आहे.”

तेव्हापासून गौतमरावांनी निवड सोडली. रोज रात्री तीच कॅसेट, शेवटपर्यंत. सॅक्सोफोन संपला की कोऱ्या फितीची खरखर, आणि खरखरीत, फार लांब, घासत येणारं एक पाऊल. पहिल्या रात्री ते टेकडीपलीकडे होतं. मग ओहोळाशी. परवा कुंपणाशी. गौतमराव मोजत होते, देवाचं नाव घेत होते, आणि चूक सुधारतेय, ती परत येतेय असं स्वतःला समजावत होते.

काल पाऊल ओट्यावर चढलं. दाराशी थांबलं.

गौतमराव कडीला हात घालून उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं... ओट्यावर चढताना पाय घासला नव्हता. दोन्ही पावलं सारखी, जड पडली होती.

“उघडू नको,” बुधी कुजबुजली.

त्यांनी मागे वळून पाहिलं. कंदिलाच्या उजेडात रोहिणीबाई दाराकडे बघत होत्या, आणि त्यांचा डावा हात, मेलेला हात, ‘ये, आत ये’ असा हलत होता.