बयाबाईचा अंगठा

निराधार योजनेतल्या बोगस नावांची छाननी निघाली, तेव्हा नायब तहसीलदार प्रेरणा मगदूम खुशीत होती. असली कामं तिला मनापासून आवडायची. २००४ सालच्या त्या उन्हाळ्यात चार गावं पालथी घालून तिनं दोन बंगलेवाले निराधार आणि एक विधवा शोधून काढली होती. ती विधवा सुनावणीला नवऱ्याच्याच मागं मोटारसायकलवर बसून आली, तेव्हा अख्खी कचेरी पोट धरून हसली.

पाचवं गाव हुपरीच्या अलीकडचं. तिथल्या बयाबाईचा मृत्यू ग्रामपंचायतीत दोन वर्षांपूर्वी नोंदलेला, आणि पेन्शनच्या मनिऑर्डरीवर मात्र दर महिन्याला तिचा अंगठा. संशय सरळ पोस्टमन कृष्णातवर आला. गाव त्याला चोर म्हणू लागलं. लेकीचं ठरलेलं लग्न अडलं. तो एकच सांगत राहिला, की म्हातारी पैसे स्वतः घेते.

प्रेरणानं पावत्या ठसेतज्ज्ञांकडे पाठवल्या. अहवाल आला: मूळ अर्जावरचा अंगठा आणि पावत्यांवरचे चोवीसही अंगठे एकाच बाईचे. म्हणजे म्हातारी जिवंत आहे, नोंदच चुकलीय, असं तिनं धरलं आणि कृष्णातला जीपमध्ये घालून निघाली.

सकाळचे अकरा वाजले होते. बयाबाई उंबऱ्यावर बसून पैंजणांची घुंगरं निवडत होती. गावातल्या कुणाकुणाच्या भानगडी सांगून तिनं प्रेरणाला वीस मिनिटं हसवलं. शेवटी प्रेरणानं विचारलं, "आजी, तुम्ही गेलात अशी नोंद कुणी केली हो?"

"नोंद बरोबर हाय की," म्हातारी म्हणाली. "गेलेच मी. पर हा कृष्णात उन्हातानाचा सायकल मारत येतोय. त्याला दारातनं माघारी कसं धाडू?"

प्रेरणाला हसू आलं. कृष्णात हसला नाही.

"पैसं कोनाड्यातल्या डब्यात हायत, घिऊन जा. माझं नाव काढ. शेजारच्या तानाबाईला कोण न्हाय, तिचं लाव."

बोलता बोलता तिनं ओंजळभर घुंगरं एका हातातून दुसऱ्या हातात ओतली.

आवाज झाला नाही.

प्रेरणाचं हसू ओठावरच राहिलं. तिनं नाव कमी करायचा कागद पुढं केला. शाईची डबी अजून पिशवीतच होती.

कागदावर अंगठा उमटला होता.

डबा घेऊन ती जीपपर्यंत गेली. मागं वळून पाहायचा धीर तिला झाला नाही. डब्यात चोवीस महिन्यांची रक्कम होती, घडीसुद्धा न मोडलेली. अहवालात तिनं एवढंच लिहिलं: अपहार नाही, रक्कम पूर्ण जमा, नाव कमी केले.

कृष्णातची अब्रू वाचली. तानाबाईची पेन्शन सुरू झाली. दिवाळीनंतर कृष्णातच्या लेकीचं लग्न दणक्यात लागलं आणि प्रेरणा पहिल्याच पंगतीला बसली. सनई वाजत होती, पोरं मांडवभर धावत होती.

जिलेबी वाढताना कृष्णात तिच्याजवळ वाकला. तानाबाईचे पैसे द्यायला गेलं, की शेजारची म्हातारी अजून चहाला थांबवते, असं त्यानं सहज सांगितलं. त्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

"पर मॅडम, गेल्या म्हैन्यापासनं ती तीन कप मांडती," तो म्हणाला. "तिसरा तुमचा म्हणती."